वेगासाठी बांधलेली बोट

जुन्या आणि नव्या बोटीची तुलना करायची म्हटली की आपण आधी आकड्यांचा तक्ता मांडतो. मोबाईल घेताना करतो तसंच. चला, मांडू.

डावीकडे 'फ्रान्स', साल १९६२. लांबी ३१६ मीटर, टनेज ६६ हजारांच्या वर, प्रवासी दोन हजारांच्या आसपास, वेग ३० नॉट. उजवीकडे 'आयकॉन ऑफ द सीज', साल २०२४. लांबी ३६५ मीटर, टनेज २ लाख ४८ हजार, प्रत्येक खोलीत दोघं धरले तर प्रवासी ५,६१०, वेग २२ नॉट.

शेवटचा आकडा पुन्हा एकदा बघा. मधे बासष्ट वर्षं गेली. या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, खिशात कॉम्प्युटर आला, आणि प्रवासी बोटींचा वेग मात्र पाव हिश्शाहून जास्त कमी झाला. लांबी जेमतेम ४९ मीटर वाढली, पण टनेज जवळपास चौपट.

टनेजबद्दल आधीच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, कारण नाव ऐकून कोणीही फसेल. प्रवासी बोटीचे 'टन' हे वजनाचे टन नसतात. हा शब्द दारूच्या पिंपांवरून आला. जहाजात किती पिंपं मावतात यावर पूर्वी कर बसायचा. आजही 'ग्रॉस टनेज' म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. मोजण्याची पद्धत १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर बदलली, त्यामुळे 'फ्रान्स'चा जुना आकडा आणि आजचे आकडे काटेकोरपणे एका तराजूत बसत नाहीत. तरी ढोबळ चित्र खरं आहे. नवी बोट फार लांब नाही, ती रुंद आणि उंच आहे. जुनी बोट सुरीसारखी होती, नवी इमारतीसारखी आहे.

असं का झालं, हे समजून घ्यायला 'फ्रान्स'इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. या एका बोटीनं दोन आयुष्यं काढली. पहिल्यात ती लायनर होती, दुसऱ्यात क्रूझबोट. आणि तिचा शेवट आपल्या शेजारच्या गुजरातेत झाला.

समुद्र ओलांडायची घाई

लायनर आणि क्रूझबोट यांत फरक काय? लायनर म्हणजे एसटी. तिला एका गावाहून दुसऱ्या गावाला वेळेवर पोचायचं असतं. क्रूझबोट म्हणजे सहलीची बस, जी शेवटी निघाली तिथेच परत येते. लायनरमध्ये बसणाऱ्याला पलीकडे जायचं असतं, क्रूझमध्ये बसणाऱ्याला बोटीवरच राहायचं असतं.

'फ्रान्स'ची बांधणी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सँ-नाझेर गावात, शाँतिए द लातलांतिक या कारखान्यात १९५७ साली सुरू झाली. काम युरोप आणि न्यूयॉर्कमधल्या अटलांटिकवर, उन्हाळा असो की हिवाळा, पाच दिवसांत पार जायचं. त्या समुद्रात हिवाळ्यात घरांएवढ्या लाटा येतात. म्हणून बोटीचा सांगाडा अरुंद आणि निमुळता, पोलाद जाड, आणि पाण्याखाली ती साडेदहा मीटर बुडलेली. आठ बॉयलर, वाफेवर चालणारी टर्बाइनं, चार पंखे, १ लाख ६० हजार अश्वशक्ती. चिमण्यांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे फाटे होते, धुराची काजळी डेकवरच्या माणसांवर पडू नये म्हणून. खोल्यांना बाल्कनी नाही. डिसेंबरातल्या अटलांटिकवर बाल्कनीत बसणार कोण?

मे १९६० मध्ये अध्यक्ष द गॉल यांच्या उपस्थितीत तिचं जलावतरण झालं. फेब्रुवारी १९६२ मध्ये ती पहिल्यांदा न्यूयॉर्कला निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'मोनालिसा' अमेरिकेत प्रदर्शनाला गेली, ती याच बोटीतून. देशानं आपली सर्वांत मौल्यवान वस्तू ज्या वाहनात ठेवली, त्या वाहनाचा देशाला केवढा अभिमान असेल ते यावरून कळतं.

पण खेळ आधीच संपला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये, म्हणजे बोटीची बांधणी चालू असतानाच, पॅन अॅमनं न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर जेट विमानं सुरू केली. पाच दिवसांचा प्रवास एका रात्रीवर आला. 'फ्रान्स' पाण्यात उतरली तेव्हा ज्या कामासाठी ती बांधली होती ते काम दुसऱ्यानं उचललेलं होतं. बोटीत काही खोट नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच बदलला होता.

सरकारी अनुदानावर ती बारा वर्षं चालली. १९७३च्या तेलसंकटात इंधनाचे भाव भडकले आणि १९७४ मध्ये सरकारनं हात काढून घेतला. सप्टेंबरात चिडलेल्या खलाशांनी ल आव्र बंदराच्या तोंडाशी बोट ताब्यात घेतली आणि तिथेच नांगर टाकला. काही उपयोग झाला नाही. पुढची चार-साडेचार वर्षं ती ल आव्रच्या एका कोपऱ्यातल्या धक्क्याला बांधून पडली. लोकांनी त्या धक्क्याचं नाव 'विसरण्याचा धक्का' असं ठेवलं.

निम्मं इंजिन बंद

१९७९ मध्ये क्नुट क्लोस्टर या नॉर्वेजियन जहाजमालकानं ती १ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. एवढ्या मोठ्या बोटीसाठी ही किंमत भंगाराच्या जवळची. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला नेऊन त्यानं त्याच्या कितीतरी पट पैसे दुरुस्तीवर ओतले आणि नाव ठेवलं 'नॉर्वे'.

त्यानं तिच्यात घातलेल्या गोष्टींपेक्षा काढून टाकलेल्या गोष्टी जास्त बोलक्या आहेत. पुढचं अख्खं इंजिनघर बंद. चारपैकी दोन पंखे काढून टाकले. कारण साधं गणित आहे. पाण्यातून बोट ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनात वाढते. ३० नॉटऐवजी १८ नॉटवर समाधान मानलं, तर शक्ती लागते सुमारे एक पंचमांश. ज्या कॅरिबियन समुद्रात प्रवाशाला कुठेही पोचायची घाई नाही, तिथे उरलेलं इंजिन नुसतं ओझं होतं. त्याऐवजी बोटीला बाजूला सरकवणारे छोटे पंखे बसवले, म्हणजे धक्क्याला लागताना टगबोटींची गरज कमी पडते. हिवाळ्यातल्या वाऱ्यापासून वाचवायला काचेनं बंद केलेले लांबलचक सज्जे होते, त्यांचे दुकानांचे रस्ते झाले. कसिनो आला.

एक गोष्ट मात्र बदलता येण्यासारखी नव्हती. साडेदहा मीटर बुडणारी बोट कॅरिबियनच्या उथळ बंदरांत शिरणार कशी? ती शिरलीच नाही. बाहेर नांगर टाकायची आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्याला न्यायची. कोकण बोटीच्या काळात मोठी बोट बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावातून बंदराला लागायचे, तोच प्रकार. फक्त 'नॉर्वे' आपले पडाव आपल्याच डोक्यावर घेऊन फिरायची. पुढच्या डेकवर दोन भल्यामोठ्या बोटी ठेवलेल्या असत, एकेकीत सुमारे चारशे माणसं मावत.

आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात. मूळ रचना बदलता येत नाही, तेव्हा तिच्या भोवतीनं वाट काढायची. वर्कअराउंडला आम्ही नाकं मुरडतो, पण अर्धं जग त्यावरच चालतं. 'नॉर्वे'ही चालली, आणि थाटात चालली. १९८० मध्ये मायामीतून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझबोटी वीस हजार टनांच्या आतबाहेर होत्या. ही सत्तर हजारांची आली. बोट इतकी मोठी असेल तर बंदर कोणतं याला फारसं महत्त्व राहत नाही, बोट हेच फिरायचं ठिकाण होतं, हे तिनं बाजाराला दाखवून दिलं.

त्याच कारखान्यातली धाकटी

बाजार शिकला. जानेवारी १९८८ मध्ये 'सॉव्हरिन ऑफ द सीज' आली. ७३ हजार टन, म्हणजे 'नॉर्वे'हून मोठी. बांधली कुठे? सँ-नाझेरला. त्याच कारखान्यानं, सव्वीस वर्षांनी.

या दोघींची तुलना खरी रंगतदार आहे, कारण बांधणारे तेच, प्रश्न वेगळा. 'सॉव्हरिन' लांबीला 'नॉर्वे'पेक्षा जवळपास पन्नास मीटर कमी, आणि तरी आत जागा जास्त. ती साडेसात मीटरच बुडायची, त्यामुळे बंदराशी भांडण नाही. डिझेल इंजिनं, म्हणजे बॉयलर सांभाळणारी मोठी फौज नको. मधोमध अनेक मजली उंच मोकळा चौक आणि काचेच्या लिफ्ट. 'फ्रान्स'च्या पोटात चिमण्यांचे मार्ग आणि वेगवेगळ्या वर्गांसाठी आखलेले जिने-दालनं होती. तिथे असा चौक काढायचा तर बोटच फाडावी लागली असती.

'नॉर्वे'च्या मालकांनी १९९० मध्ये तिच्या डोक्यावर आणखी दोन मजले चढवले. टनेज ७६ हजारांवर गेलं, नव्या महागड्या खोल्या मिळाल्या, आणि बोटीचा देखणा बाक गेला तो गेलाच. जुने शौकीन हळहळले. पण विकायला खोल्या हव्या होत्या, बाक नाही.

मग जुनी हरली का? जरा थांबा. 'फ्रान्स' आणि 'नॉर्वे' मिळून तिनं सुमारे पस्तीस वर्षं प्रवासी वाहिले. 'सॉव्हरिन'चं काय झालं? २०२० मध्ये करोनानं क्रूझ बंद पाडल्या आणि तुर्कस्तानातल्या अलियागाच्या किनाऱ्यावर ती तोडायला गेली. सेवा बत्तीस वर्षं. जन्मतःच निकामी ठरलेली थोरली, नव्या काळासाठी मापून शिवलेल्या धाकटीपेक्षा जास्त वर्षं राबली. जाड पोलादाला हे श्रेय द्यावंच लागेल.

बॉयलर क्रमांक २३

इथवरची गोष्ट ऐकायला छान आहे. जुनं ते सोनं, जिद्द, पुनर्जन्म वगैरे. आता पाण्याच्या पातळीखाली उतरू.

वर सगळं बदललं तरी खाली वाफ तीच होती, १९६०च्या दशकातली. २५ मे २००३च्या सकाळी 'नॉर्वे' आठवड्याची सहल आटोपून मायामीच्या धक्क्याला लागली होती. प्रवासी अजून बोटीवरच होते. साडेसहाच्या सुमारास बॉयलर क्रमांक २३ फुटला. बॉयलरमधलं पाणी शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं आणि केवळ दाबामुळे पाणी राहतं. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होऊ लागते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती वाफ बॉयलर-घरातून आसपासच्या खलाशांच्या भागात घुसली. आठ खलाशी गेले, इतर अनेक भाजले. प्रवाशांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

हे शेवटचं वाक्य कंपनीसाठी दिलासा असेल. मला ते अस्वस्थ करतं. जुनेपणाचा आनंद वरचे लोक घेत होते, जुनेपणाची जोखीम खालचे लोक वाहत होते, आणि दोघांच्या मधे पोलादाचे कितीतरी मजले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं तपास केला. अहवालानं बोट ठेवलं ते वयावर नव्हे. बॉयलर चालवण्याची, सांभाळण्याची आणि तपासण्याची पद्धत सदोष होती, असं त्यात म्हटलं. वारंवार तापवणं आणि निववणं यातून धातूला थकवा येतो, बारीक तडे जातात, गंजामुळे ते वाढतात. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तसंच. हे तडे एका रात्रीत पडत नाहीत. ते शोधता येतात, पण त्यासाठी शोधावं लागतं. पुढे २००८ मध्ये बोट चालवणाऱ्या कंपनीनं अमेरिकी न्यायालयात घोर निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला. दंड झाला १० लाख डॉलर. त्याशिवाय भरपाई वेगळी.

दुसरा रस्ता होता का? होता, आणि तो डोळ्यांसमोर होता. ब्रिटिशांची 'क्वीन एलिझाबेथ २' ही १९६९ची लायनर, हिच्याच जातकुळीची. तिचीही वाफेची यंत्रणा कटकटी करू लागली, तेव्हा १९८६-८७ मध्ये ब्रेमरहाफेनलाच नेऊन मालकांनी ती सगळी उपटून काढली आणि नऊ डिझेल इंजिनं बसवून विजेवर पंखे फिरवले. खर्च प्रचंड. पण ती २००८ पर्यंत चालली आणि आज दुबईत हॉटेल म्हणून उभी आहे. 'नॉर्वे'वर १९९० मध्ये जो पैसा ओतला त्यातून खोल्या वाढल्या. इंजिनघरात प्रवासी फोटो काढायला जात नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. नवं बटण सगळ्यांना दिसतं, त्याचं कौतुक होतं, त्यावर बढती मिळते. खालची जुनी यंत्रणा चालू आहे तोवर तिला हात लावायला वेळ कोणालाच नसतो. फरक इतकाच की आमची यंत्रणा पडली तर बहुधा रात्री कोणाची तरी झोप जाते. तिथे माणसं गेली.

अलंग

जखमी बोट ओढत ब्रेमरहाफेनला नेली, तिथून २००५ मध्ये मलेशियाला. पुढे भंगाराच्या व्यवहारात तिचं नाव झालं 'ब्ल्यू लेडी'. २००६च्या सुरुवातीला बांगलादेशानं तिला आत घ्यायला नकार दिला. कारण अॅस्बेस्टॉस.

हा अॅस्बेस्टॉस आला कुठून? काळजीतून. फ्रान्सची आधीची अभिमानाची बोट 'नॉर्मंडी' १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळून आडवी झाली होती. ती आठवण ताजी होती. म्हणून 'फ्रान्स'मध्ये लाकूड जवळपास वापरलंच नाही, आणि भिंतींपासून पाइपांपर्यंत न जळणारा अॅस्बेस्टॉस भरला. १९६० मध्ये जी सुरक्षितता होती तेच २००६ मध्ये विष ठरलं. त्याचे तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसाचे रोग आणि कॅन्सर होतो, तोही कित्येक वर्षांनी. तोडणाऱ्या मजुराला तोवर कोण विचारतो?

त्याच वर्षी 'क्लेमान्सो' ही फ्रेंच विमानवाहू युद्धनौका अलंगच्या वाटेवर होती. गदारोळ झाल्यावर अध्यक्ष शिराक यांनी ती फेब्रुवारीत माघारी बोलावली. 'ब्ल्यू लेडी'ला माघारी बोलावणारं कोणी नव्हतं. ती फ्रान्सची राहिली नव्हती, नॉर्वेची नव्हती, कोणाचीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात खटला चालू असतानाच ऑगस्ट २००६ मध्ये मोठ्या भरतीला ती भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या चिखलावर चढवली गेली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी एक आहे, म्हणून तर हा धंदा तिथे आहे. एकदा चढलेली एवढी बोट परत पाण्यात लोटणं जवळपास अशक्य. ११ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयानं तोडायला परवानगी दिली. निकालात पर्यावरण आणि विकास यांच्या समतोलाची चर्चा आहे, ७०० कामगारांच्या रोजगाराचा आणि ४१ हजार टन पोलादाचा उल्लेख आहे.

बोट तुटली. नाळेचं टोक कापून पॅरिसला नेलं, २००९ मध्ये त्याचा लिलाव झाला, आणि आता ते ल आव्रच्या किनाऱ्यावर स्मारक म्हणून उभं आहे. पोलादाचं वजन, नाळेचं टोक, सगळ्याचा हिशेब कागदावर आहे. तोडणाऱ्यांनी श्वासातून काय आत घेतलं, त्याची नोंद अशी कुठे टांगलेली नाही.

वय नव्हे, काम

ही गोष्ट लांबची वाटत असेल, तर मुंबईच्या धक्क्यावर या. 'कर्णिका' आठवते? २०१९ मध्ये मुंबईहून क्रूझ सुरू करणारी. ती १९९० साली इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधली गेली, तिची बाह्यरेषा रेन्झो पियानो या वास्तुविशारदानं आखलेली. करोना आला, कंपनी बुडाली, आणि २०२०च्या अखेरीस ती अलंगला गेली. पुढच्याच वर्षी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मुंबईहून फेऱ्या करू लागली. जन्मसाल तेच, १९९०. बांधली कुठे, हे आता तुम्ही ओळखलं असेल. सँ-नाझेरला.

दोघी एका वयाच्या, 'कर्णिका' तर आकारानं मोठी. तरी मोठी तुटली आणि लहान चालू लागली. 'एम्प्रेस' मूळची 'नॉर्डिक एम्प्रेस', मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी बांधलेली. मुंबईहून गोव्याला ती जवळपास तेच करते. तिला विचारलेला प्रश्न तीन दशकांत फारसा बदलला नाही. नव्या बोटींसारख्या ओळीनं बाल्कन्या तिच्यात नाहीत, पाण्याच्या घसरगुंड्यांचं अख्खं उद्यान नाही. पण दोन रात्रींसाठी जाणाऱ्या माणसाला त्यातलं किती लागतं?

तेव्हा जुनी बोट नव्यांपुढे टिकते का, याचं उत्तर तक्त्यात मिळत नाही. काम तेच राहिलं तर छोटी, जुनी बोटही टिकते. काम बदललं तर नवीकोरी बोटही 'फ्रान्स'सारखी पहिल्या दिवशीच म्हातारी असते. आणि बदललेल्या कामासाठी जुनी बोट वापरायचीच असेल, तर पैसा आधी खाली जायला हवा, डेकवर नंतर. जुन्या गोष्टींवर प्रेम करायला माझी हरकत नाही, मी स्वतः 'फ्रान्स'चे फोटो तासन्‌तास बघत बसतो. फक्त त्या प्रेमाचं बिल इंजिनघरातल्या आठ माणसांच्या आणि अलंगच्या मजुरांच्या नावावर फाडलं गेलं, हे त्या फोटोंत दिसत नाही. म्हणून ते लिहून ठेवावं लागतं.